तिकडे बघ

मी सुई टोचते, एदुविना खोटं बोलते.
चिलोए बेटावरच्या आमच्या दवाखान्यात
कामाची वाटणी अशी आहे.
"तिकडे बघ, कुरणात टिटवी आली," ती म्हणते,
मूल मान वळवतं,
तेवढ्यात मी उरकून घेते.

पुष्कळदा टिटवी खरीच असते.
एदुविनाने ही विद्या तिच्याकडूनच घेतली:
कुत्रा घरट्याच्या रोखाने निघाला
की टिटवी एक पंख मोडल्यासारखा फरफटवत
चिखलातून लंगडत जाते,
कुत्रा तिच्या मागे, पार कुंपणापर्यंत.
मग पंख एकाएकी धडधाकट.
ती लंगडते त्याच्या नेमकी उलट दिशेला
अंडी असतात.

गेल्या मंगळवारी अबेलिनो आला,
नाउतोंच्या घरातला, सहा वर्षांचा. बरोबर आई.
तिच्या एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात लोकरीची चप्पल.
मी नाव विचारलं, तिने बोटीचं नाव सांगितलं.
मुलाचं वय विचारलं, म्हणाली, नऊ दिवस.
लक्ष नव्हतं असंही नाही;
लक्ष मोडून सुट्टं झालं होतं,
आणि चिल्लर सगळी समुद्रात.

गावाने आपल्या परीने केलं.
जावेने विणायला करडी लोकर दिली,
पाद्रीबाबांनी सणाच्या वर्गणीच्या याद्या लिहायला,
कुणी टीव्ही आणून ठेवला, आवाज मोठा करून,
तेवढाच जीव रमेल.
रमणं, भ्रमणं:
मधे फक्त एक अर्धा भ.

"तिकडे बघ," एदुविना म्हणाली.
अबेलिनोने बघितलं नाही.
सुईकडेच बघत राहिला,
घरात आता बघणारा तो एकटाच असल्यासारखा.
"दुखेल हं," मी म्हटलं.
"माहीत आहे."

तेव्हाच व्हरांड्यातल्या रेडिओवर बंदराची खबर लागली.
वारा, लाटा, मग नावं.
एदुविनाचा भाऊ त्याच बोटीवर होता,
हे सांगायचं मी विसरलेच;
तीही नऊ दिवस विसरल्यासारखीच
वेळेवर कामाला येत होती.
मुलाच्या दंडावरचा तिचा हात
थरथरायला लागला.

अबेलिनोने सुईवरची नजर काढली.
तिची बाही ओढून म्हणाला,
"बाई, तिकडे बघा. टिटवी. केवढी लंगडतेय."

आम्ही बघितलं. तिघंही. दारातून त्याच्या आईनेही.
कुरण होतं, ओलं,
तारेवर मेंढीचं एक कातडं वाळत घातलेलं.
टिटवी नव्हती.
सुई माझ्या हातात तशीच,
आणि आम्ही बघत राहिलो, बराच वेळ,
कारण दवाखान्याची एकुलती खिडकी कुरणाकडे आहे
आणि बंदर
आमच्या पाठीशी.