सरकीच्या गिरणीचा भोंगा

लेम्युएल प्रॅथरला पुरला त्याच्या दुसऱ्या दिवशी
दोन गोरी पोरं आली माझ्याकडे, टेपरेकॉर्डर घेऊन.
म्हणाली, छत्तीस सालच्या त्याच्या रेकॉर्डवर
गिटार ज्या पट्टीत लागलीय
ती कुठल्याच पियानोवर सापडत नाही.
नंतर तो वाजवायचा, त्याहूनही खाली आहे.
काय गुपित होतं?
मी म्हणालो, मला काय ठाऊक, मी बॉयलरवाला.

ठाऊक होतं.

याझू नदीच्या काठी सरकीच्या तेलाची गिरणी.
पहाटे पाचचा भोंगा माझा.
बावीस वर्षं ती दोरी या हातात होती.
रुळांपलीकडे लेमचं घर.
लहानपणी त्यानं भिंतीला केरसुणीची तार ठोकली,
खाली तपकिरीची बाटली सारली,
आणि तार छेडली की सगळी भिंत घुमायची.
आई आतून ओरडायची, घर पाडशील मेल्या!
घर सत्तावीसच्या पुरात गेलं,
तार, भिंत, बाटली, सगळं एकदम.

मग टपालानं मागवलेली गिटार.
भोंगा झाला की पायरीवर बसून
तो खुंट्या पिळायचा,
माझ्या वाफेला तार जुळेपर्यंत.
शनिवारी ओझेला स्टॅम्प्सच्या खोपटात मासे तळत,
आणि याचा अंगठा चालत राही
वाट पाठ असलेल्या खेचरासारखा,
न थांबता, न घाई करता.
वर बाटलीच्या गळ्यानं तो तारेला रडवायचा
तेव्हा नाचणारेही जरा बिचकत.

मेम्फिसला एका हॉटेलच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून,
त्यानं दोन गाणी दिली. तीस डॉलर मिळाले.
किती रेकॉर्डी खपल्या, कुणी सांगितलं नाही.
त्यानं विचारलं नाही.
विचारायची ती जागा नव्हती, ते साल नव्हतं.
पुढं पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या कापसात दुसऱ्याचा ट्रॅक्टर.

अठ्ठावन्नला गिरणी बंद पडली.
भोंगा भंगारात गेला, पितळेच्या भावानं.
संध्याकाळी लेम दारात उभा.
म्हणाला, रूफस, आता सूर कुणाकडनं घेऊ?
मी खुर्ची पुढं केली. बसला नाही.

म्हातारपणी त्याला कोपनहेगनला नेलं.
तिथला पियानोवाला म्हणाला, साहेब, तुम्ही उतरलेले आहात.
लेम म्हणाला, मग त्यालाही उतरायला सांगा की.
लोक हसले, टाळ्या झाल्या.
परत आला तो माझ्यासाठी बिस्किटांचा निळा डबा घेऊन.
त्यात आता खिळे आहेत.

हे सगळं सांगितलं असतं पोरांना.
पण मग ती सकाळही सांगावी लागली असती:
जानेवारी, रात्रभर पाऊस,
भट्टीत घालायची टरफलं भिजून चिप्प,
काटा वर चढेना.
पाच वाजले, मी दोरी ओढली
आणि भोंगा बसल्या घशानं कण्हला.
पलीकडे फलाटावर मेम्फिसच्या गाडीची वाट बघत
लेम, गिटारीला कान लावून.
खुंटी थोडी सैल केली. आणखी थोडी.
मग माझ्याकडे बघून हात वर केला,
लागला म्हणून.

वाफ भरली तेव्हा पुन्हा ओढता आली असती दोरी.
गाडी यायला अजून अवकाश होता.

पोरं वहीत काहीबाही लिहून गेली.
टरफलं ओली होती रे बाबांनो.