खारट पाण्याच्या चौदा नळ्या

सानपाड्याच्या लॅबमध्ये, डबा न उघडता,
मी माझंच रक्त थेंबथेंब सोडते चौदा नळ्यांत.
पहिलीत मीठ पुरेपूर, पुढे कमी कमी,
शेवटच्या नळीत जवळजवळ गोडं पाणी.
इतरांच्या पेशी आठवीपर्यंत तग धरतात.
माझ्या पाचवीतच फुटायला लागल्या.

दिवाळ्याच्या कोळीवाड्यात आम्ही हळद्यांच्या घरचे.
आज्याचे डोळे पिवळे, बापाचे पिवळे.
आत्याच्या हळदीला बायका हसल्या होत्या,
हिला कशाला लावता गो, ही आईच्या पोटातूनच लावून आलेय.
करावेचा म्हातारा चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावायचा,
पाणी पिवळं झालं की म्हणायचा, उतरली.
एकवीस रुपये, एक नारळ.
पुढच्या अमावास्येपर्यंत परत चढलेली.

काचपट्टीवर पेशी मधोमध फिकट दिसायला हवी,
अंगठ्याने दाबल्यासारखी.
माझ्या गोट्या आहेत. भरीव, गोल.
पानथरीच्या फटीतून अंग चोरून निघावं लागतं,
गोटीला वाकता येत नाही,
ती तिथेच मोडते
आणि तिचा पिवळा चुरा डोळ्यांत येऊन बसतो.

जनुक आठव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूला.
एक अक्षर गळलंय.
त्याच्या प्रथिनाचं नाव परक्या भाषेतलं,
अर्थ मात्र आमच्या होडीतला: नांगर.
पेशीच्या पापुद्र्याखाली एक जाळं असतं,
ते पापुद्र्याला बांधून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

बाप जेट्टीवर डोल सांधत बसलेला.
सगळं सांगितलं, सुई थांबली नाही.
"म्हंजे जालं बरा हाय, गाठच सुटलेली?"
"हो."
"कुनाची?"
आज्याची. पणज्याची. त्याच्या मागे कोण, कुठल्या बंदरावर,
कागदावर नाही.
"सुटली गाठ घेऊन चार पिढ्या मासली मारली तं."

मग त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. पाचवा महिना.
निम्मी शक्यता, मी म्हटलं. छापा की काटा.
त्याने दोरा दातांनी तोडला.
"पिवला झाला तं झाला.
त्या चुनेवाल्याचे पोराकरं नेव नको."

लॅबमध्ये परतले तेव्हा नळ्या धुवायच्या राहिलेल्या.
पहिलीत, भरपूर मिठाच्या पाण्यात,
माझ्या पेशी तळाशी निवांत बसल्या होत्या,
एकही फुटली नव्हती.
ती नळी मी सगळ्यात शेवटी धुतली.