दोन प्रसंगांच्या मधे

खसखस पिकवणं हा माझा धंदा.
ग्लासगोत, क्लाइड नदीकाठच्या स्टुडिओत,
बिनखिडकीच्या खोलीत
माझ्याकडे हशांचे एकशेबारा नमुने आहेत,
क्रमांक घालून ठेवलेले.
सात : टाचणी पडावी तसं खुदकन.
एकतीस : पुरुषांचा, बिअरनंतरचा.
अठ्ठ्याऐंशी : बायकांचा, 'अगंबाई, खरंच की' असा.
विनोद पडला की मी उचलते.

मालिकेतली आई शोना. वकील आहे.
तिचं बाळ पहिल्या प्रसंगात कडेवर असतं,
दुसऱ्यात नसतं.
शोना कोर्टात उभी, केस नीट, ब्लाउज कोरडा.
मधल्या वेळात ते गेलं कुठे?
कुणी नेलं, तासाचे किती घेतले,
सोडताना गळ्यातली मिठी सुटली का लवकर?
संकलनाच्या कात्रीला मुलं नसतात.

उना मॅक्फेलने विचारलं.
लेखकांच्या टेबलाशी सातांत एकटी बाई,
बाळंत होऊन अकराव्या आठवड्यात परतलेली.
दुपारी एकला ती प्रॉप्सच्या कोठारात जायची,
खोट्या फ्रिजला पाठ टेकून
खरं दूध पंपाने काढायची.
तिथेच, मांडीवरच्या कागदावर, तो प्रसंग लिहिला :
शोना उलटतपासणी घेतेय,
मागच्या बाकावर कुणाचं तरी मूल रडतं
आणि शोनाला पान्हा फुटतो.
फाइल छातीशी घट्ट धरून ती साक्षीदाराला विचारते,
"त्या रात्री तुम्ही नक्की कुठे होता?"
आणि त्याचं उत्तर तिला ऐकूच येत नाही.

निर्माता ड्यूगल. भला माणूस, दोन मुलींचा बाप.
म्हणाला, "दूध नको. लोक जेवताना बघतात.
त्यापेक्षा तिला टोस्ट जाळू दे."
चार भागांत तीनदा टोस्ट जाळून झाला होता.
उना म्हणाली, "मग टोस्टलाच आता
बाळंतपणाची रजा द्या."
ड्यूगल हसला, आणि हसल्यावर
माणसाला नाही म्हणणं जड जातं.

चित्रीकरणाच्या रात्री दोनशे प्रेक्षक.
मूल रडलं, माझ्याच संग्रहातलं, क्रमांक चार,
शेकडो वेळा ऐकलेलं.
माझं दूध आटून वर्ष झालं,
तरी आत कुठेतरी दोरी ओढली गेली.
शोनाच्या फाइलखाली डाग पसरला.
शांतता.
एक सेकंद. दोन.
माझं बोट अठ्ठ्याऐंशीवर.
तीन.
मग मागच्या रांगेत एक बाई,
हसली म्हणवत नाही,
नाकातून, ठसका लागावा तशी,
चोरी पकडली जावी तशी.
मग तिच्या शेजारची. मग पुढच्या चौघी.
पोट धरून हसत होत्या,
टाके ताजे असताना धरतात तसं,
उसवू नये म्हणून.

मी बोट काढून घेतलं.

ड्यूगल नंतर म्हणाला, "तीन सेकंद रिकामे आहेत, भरून टाक."
म्हटलं, भरते.
भरले नाहीत.

त्या रात्री ग्राझिनाच्या दारी पोचले
तेव्हा पावणेअकरा वाजले होते.
दारावर तिच्या हातची पाटी :
सहानंतर दर पंधरा मिनिटांना चार पौंड.
एकोणीस पाव तास. शहात्तर पौंड.
माझ्या त्या रात्रीच्या कमाईपेक्षा अकरा जास्त.
रूरी तिच्या सोफ्यावर झोपलेला,
एक बूट पायात, एक कुठेच नाही.
उचलला तसा जागा झाला,
मला बघितलं, तिला बघितलं,
आणि तिच्याकडे हात करून म्हणाला,
"मॅमी."
ग्राझिनाचाच चेहरा आधी उतरला.
"झोपेत आहे तो," ती घाईने म्हणाली.
"हो ना," मी म्हटलं,
आणि वाकून बराच वेळ
बूट शोधत राहिले.

उनाला हे अजून सांगितलेलं नाही.
ऐकलं की ती लिहील, ठाऊक आहे,
आणि मला त्यावर
एकशेबारांतला एक निवडावा लागेल.