नऊ वॅट

वायरमन शिगवण सांगून गेला,
साठचा काढा, नऊचा लावा.
लावला. बिल खरंच उतरलं,
एकशेदहा रुपयांनी. तेवढ्यात बांगड्याचा एक वाटा येतो
हर्णैच्या बंदरावर, उशिरा गेलं तर.

उजेडही भरपूर. जाळ्याचा तुटका डोळा
आता चष्म्याशिवाय सापडतो.
फक्त बांगडा आजचा की कालचा ते कळेना;
या पांढऱ्या उजेडात सगळेच ताजे.

आणि खुराड्यातली पिल्लं.
सात. जुन्या दिव्याखाली
एकमेकांत घुसून झोपायची.
काल रात्रभर नव्याखाली उभीच,
काकडत,
उजाडलंय असं समजून.

जुना टाकलेला नाही मी.
तांदळाच्या डब्यात आहे, फडक्यात गुंडाळून.
कानाशी हलवून बघितला.
तार शाबूत आहे.