भरलेली वजा रिकामी

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
गाडी आधी रिकामी येते, मग केळी भरून येते,
वजाबाकी यंत्र करतं, मी पावती फाडते.
मधल्या वेळात आकड्याच्या जागी शून्य
आणि टेबलावर हे पुस्तक,
मुखपृष्ठ नसलेलं, पाठ खळीने चिकटवलेली.
धुळ्याकडचा कुणी ड्रायव्हर विसरून गेला
की ठेवून गेला, अजून ठरलेलं नाही.

एकाच पुठ्ठ्यात किती जणांनी दाटी केलीय!
पहिल्या पानावर सात ओळींची कविता,
कधीच कुणी न लावलेल्या एका कुलपाची.
वाचली, उठले,
ऑफिसच्या दाराचं कुलूप
उगाच हातात घेऊन पाहिलं. गार होतं.

मग निबंध.
निबंध म्हटलं की मला शाळेतली वही आठवते,
दहा ओळी आणि खाली बाईंची सही.
हा तसला नाही.
हा विचारतो, माणूस एकटा असतो
तेव्हा कोणाशी खोटं बोलतो?
आणि उत्तर न देता सरळ
मिठागरातल्या वाऱ्याबद्दल बोलायला लागतो.
रागच आला मला त्याचा.
दोन गाड्या मोजल्या तरी उतरला नाही.
तिसऱ्या पावतीवर तारीख चुकली.

गोष्टीत दोन बहिणी विहीर वाटून घेतात.
वरचं पाणी धाकटीचं, खालचं थोरलीचं.
चैत्र लागतो, आणि
चौऱ्याऐंशीनंतर एकदम सत्त्याण्णव.
मधली पानं कुणाच्या तरी भज्यांखाली गेली असावीत,
सत्त्याण्णववर तेलाचा डाग आहे
आणि भलतीच एक बाई म्हणतेय,
मला आंबट आवडत नाही.

माठातलं पाणी प्यायला सुपडूभाऊ आला,
मूळचा शिंदखेड्याकडचा,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
जे कुठल्याच साबणाला ऐकत नाहीत.
"त्याम्हा काय शे व ताई?"
मी गोष्ट सांगितली, चौऱ्याऐंशीपर्यंत.
तो खाली बसला. पेला तसाच हातात.
"हीर आटी गयी व्हई," म्हणाला,
"मंग दोर एकीना, बादली दुसरीनी."
तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, गेला.
लिहिणाऱ्याने काय लिहिलं होतं कोण जाणे.
मी समासात पेन्सिलीने सुपडूभाऊचं लिहिलं
आणि त्याखाली त्याचं नाव, आडनावासकट.

दोनच्या सुमारास आजूबाजूला कुणी नव्हतं.
मी स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहिले.
खिडकीतून आकडा दिसला, पन्नास.
पुस्तक घेऊन पुन्हा. पन्नास.
दहा किलोच्या खालचं हा काटा बोलत नाही,
हे मला माहीत होतंच. तरी पाहिलं.

घरी मी सांगते, रात्रपाळी नाइलाजाने घेतलीय.
इथे एकटी असले तरी तेच म्हणते,
सवयीने, चहा ओतताना,
नाइलाज आहे बाई.
आज "नाइ" पर्यंतच आले.
मागून घेतली होती मी ही पाळी,
अर्ज करून, दोनदा.

बऱ्हाणपूरच्या बाजूने हॉर्न वाजतोय,
गाडी भरलेली आहे, आवाजावरून कळतं.
पावतीचा अर्धा तुकडा खूण म्हणून ठेवते
चौऱ्याऐंशीवर.
नाही, सत्त्याण्णववर.
आंबट न आवडणारी ती बाई कोण
ते बघायचंय.