उकिडवा

बाकी आठजण एका तोंडानं उभे,
मी एकटा उलटा,
म्हणून सगळं मैदान मलाच दिसायचं:
अजनीच्या पिवळ्या गवतावरची मे महिन्याची झळ,
आणि टेकाडावर पिचर गजू सहारे,
बोटं पँटीला पुसत.

एक बोट म्हणजे सरळ. दोन म्हणजे वळणारा.
तीन म्हणजे, गजू, डोकं तापलंय तुझं, थांब.
मांड्यांच्या सावलीतलं ते बोलणं
सोळा वर्षं कुणाला ऐकू गेलं नाही.
पटलं नाही की तो मान हलवायचा
अन् आपलंच टाकायचा.

पेपरात फोटो आला की आई म्हणायची,
‘लोकाईले सांगू काय,
जाळीमागचा तो माहा पोरगा?’

जबलपूरच्या फायनलला सातव्या डावात
अंगठा मोडला. टेप गुंडाळून उरलेले दोन घेतले.
बक्षीस गजूला. बरोबरच होतं. चेंडू त्याचे होते.

खेळाच्या कोट्यातून पार्सल ऑफिसात लागलो.
संत्र्यांच्या पेट्या मोजतो,
पेन अंगठ्यातून निसटतो.
गुडघ्यांचं मात्र उलटंच:
जिना चढताना बोंबलतात,
उकिडवं बसलं की गप्प.

परवा गजू आला. बायपासनंतर शर्ट ढगळ झालेला.
बोलायला दोघांनाही काही सुचेना.
पेट्यांच्या आडोशाला मी बसलो, सवयीनं.
त्यानं फुटक्या पेटीतलं एक संत्रं उचललं,
खांदा फिरवून पाहिला.
मी तीन बोटं खाली दाखवली.

त्यानं मान हलवली.