सात मिलिमीटर

टार्टूत उणे अठराची रात्र.
आइवो स्वयंपाकघराच्या टेबलावर
कॉम्प्युटर उघडून बसलाय.
कूलरची उंची एकशे पासष्ट मिलिमीटर,
डब्यात जागा एकशे अठ्ठावन्न.
झाकण तिरकं लावून पाहिलं,
गुडघ्याने दाबून पाहिलं.
पत्रा काही बधला नाही.

“मोठाच घेतलेला बरा,”
दुकानात म्हणाला होता,
माडिसला बर्फातले बूट घेताना म्हणायचा तसंच.
पाय बुटात भरेपर्यंत
दरवर्षी बर्फ वितळून जायचा.

खिडकीबाहेर अख्खं शहर
फुकटात गारठलंय,
आणि इथे नखाएवढी एक चिप
तापाने फणफणतेय.

झाकण शेवटी भिंतीला टेकवलं.
माडिसला फोटो पाठवला.
उत्तर आलं: बाबा, आधी मोजायचं असतं.

उद्या बदलून आणू, म्हणतो.
पावतीवर मांजर झोपलंय.